पस्तीस मिलिमीटर गवत

९ नोव्हेंबर, रविवार

तो येतोय. निरोपाचा सामना आमच्याच गावात, माझ्याच मैदानावर, एकवीस डिसेंबरला.

नगरपालिकेच्या क्रीडा विभागातला कुरियामा सकाळीच सायकलवरून धापा टाकत आला. "सेगावासान, ऐकलंत का? उराबे तोमोहारू! टोकियो नको म्हणाले, ओसाका नको म्हणाले. सेनाहामाच हवं म्हणाले!" सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी. या माणसाच्या लग्नाला मी हजर होतो. तेव्हाही तो इतका हलला नव्हता.

मी म्हणालो, "डिसेंबरात सकाळी दहिवर असतं."

"तुम्ही दोघं शाळेत एकाच संघात होतात ना? केवढा अभिमान वाटत असेल!"

"वाटतो की," मी म्हणालो आणि कापणीयंत्राचं पातं पुसत बसलो. पातं आधीच स्वच्छ होतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गावाला नुसता ज्वर चढलाय. मासळीवाल्याने ट्यूनाच्या पेटीवर त्याचा फोटो लावला. न्हावी सांगत होता, "परदेशी जायच्या आधी त्याचे केस मीच कापले." मी त्याच खुर्चीत, त्याच वस्तऱ्याखाली अठराव्या वर्षापासून मान देतोय, माझा फोटो काही त्याने भिंतीवर लावला नाही. सुपरमार्केटमध्ये तयार करीच्या पाकिटावर हाच दात दाखवत उभा. माझ्या बायकोने, मिहोकोने, दोन पाकिटं घेतली. म्हणाली, "सवलत आहे." आमच्या घरात तो असा पाकिटात बसून येतो.

राष्ट्रीय संघातून एकाहत्तर सामने, नऊ गोल, सव्वीस वेळा गोलाचा पास. हॉलंडमध्ये पाच वर्षं, जर्मनीत चार. मग इकडे परत, आणि एकेचाळिसाव्या वर्षी डाव्या गुडघ्याने हात टेकले. हे आकडे मला तोंडपाठ आहेत. शत्रूचे आकडे पाठ ठेवावेच लागतात. तो हॉलंडला होता तेव्हा पहाटे चारला उठून मी त्याचा एकेक सामना पाहिलाय, का, तर तो कुठे चुकतो ते बघायला. एकदाही उठायचा राहिलो नाही.

आता खरं काय ते लिहितो, इथे कोण वाचतंय? शाळेत दहा नंबर माझा होता. मैदानाच्या मधोमध उभं राहून खेळ चालवायचा तो नंबर. त्याचा चौदा होता, पुढेही जन्मभर तोच घातला, धंद्याचा शिक्का म्हणून. मी त्याच्यापेक्षा चांगला होतो. हे गावात आता कुणाला आठवत नाही, आणि मी सांगायला गेलो तर हसतील.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज गवताला खत घातलं. हात कामात होते, डोकं मोकळं होतं, आणि मोकळं डोकं तिकडेच जातं.

आमचे ताकात्सुका सर प्रत्येकाला वही लिहायला लावायचे. आज काय खेळलो, काय चुकलं, उद्या काय करणार. गुरुवारी वह्या द्यायच्या, शनिवारी लाल शाईतले शेरे घेऊन त्या परत यायच्या. एकाची वही राहिली तर अख्ख्या संघाला टेकडीच्या पायऱ्यांवर वीस वेळा पळवायचे. या रोजनिशीची खोड मला तिथूनच लागली. पण सरांच्या वहीत खरं कोण लिहिणार? म्हणून मी दुसरी ठेवली होती, तशीच निळी, शाळेसमोरच्या दुकानात पाचांचा गठ्ठा मिळायचा त्यातली. तिच्यात सगळं खरं. सरांना शिव्या, मिहोकोच्या वेण्या, आणि घोटा.

प्रांताच्या अंतिम सामन्याआधी दोन आठवडे माझा उजवा घोटा गेला. चालताना कळा यायच्या. मी घरीच पट्टी आवळायचो. ही गोष्ट संघाची मॅनेजर असलेल्या मिहोकोलाही माहीत नव्हती. बाटल्या भरणं, पट्ट्या बांधणं, गोलांची नोंद ठेवणं सगळं तीच करायची तरी. फक्त उराबेला सांगितलं होतं. आणि शुक्रवारी सरांनी मला बोलावलं. "सेगावा, रविवारी तू खेळणार नाहीस. बाकावरही नाहीस." कारण विचारलं तर म्हणाले, "घोटा." बस.

फक्त उराबेला माहीत होतं. यात विचार करण्यासारखं काय आहे?

रविवारी मी प्रेक्षकांत उभा राहून ढोल बडवला. उराबेने तीन गोलांचे पास दिले आणि वर मोठ्या क्लबांची माणसं वह्या काढून बसली होती. पुढचं सगळ्या देशाला माहीत आहे. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. वसंतात तो टोकियोला निघाला तेव्हा स्टेशनवर अख्खा वर्ग होता, मी नव्हतो.

तो आठवडाच सगळा वाईट गेला. माझी खरी वही त्याच आठवड्यात हरवली, बसमध्ये राहिली असणार. वर सरांची वही द्यायलाही विसरलो, शनिवारी बघतो तर दप्तरातच. आश्चर्य म्हणजे सरांनी मागितली नाही आणि कुणाला पळवलंही नाही. माझी दया आली असेल.

२६ नोव्हेंबर, बुधवार

कुरियामा पुन्हा. "उराबेसानचा निरोप आहे. गावच्या संघातून तुम्ही उतरावं म्हणतायत. दहा मिनिटं का होईना."

"माझा घोटा."

"अहो, पाचच मिनिटं! नुसतं उभं राहायचं."

"नुसतं उभं राहायला बुजगावणं लावा की. माझ्याकडे एक आहे, पाखरांसाठी."

घरी मिहोकोला सांगितलं. ती भात वाढत होती, थांबली. "बोलावलंय त्याने तुला. तेवीस वर्षांनी. जायचं की नाही?"

"दया करतोय. कॅमेरे असतील. गरीब बिचारा जुना मित्र, आता गवत कापतो."

"सेगावा," ती म्हणाली. रागावली की ती मला अजून आडनावाने हाक मारते, हातात बाटल्यांची टोपली असल्यासारखी. "गवत कापतोस यात बिचारं काय आहे? या किनाऱ्यावर हिवाळ्यात एवढं हिरवं मैदान दुसरं आहे का?"

नाही. ते खरं आहे. पण ते तिने या संदर्भात बोलायला नको होतं.

३ डिसेंबर, बुधवार

आज एक गोष्ट पाहिली आणि दिवसभर तीच डोक्यात आहे.

मिहोको नवीन वर्षाची कार्डं लिहीत बसली होती. पुढलं वर्ष घोड्याचं, प्रत्येक कार्डावर घोडा. मी मोजे घ्यायला आत आलो तर तिने एक कार्ड गठ्ठ्याखाली सारलं. सहज नाही, घाईने. सरकताना वरचं नाव दिसलं. उराबे.

बायको त्याला लिहिते. लपवून लिहिते.

प्रदर्शनाचं कामही तिच्याकडेच आहे. सांस्कृतिक भवनात 'उराबे आणि सेनाहामा' अशी खोली मांडतायत. ती भवनात नोकरीला आहे, म्हणून असेल. पण काल ओठांना काहीतरी लावून गेली होती. विचारलं तर म्हणाली, "थंडीने ओठ फुटलेत." फुटले असतील. माझेही फुटलेत, मी काय लावून जातो?

त्याने माझी जागा घेतली, माझा सामना घेतला, माझं आयुष्य घेतलं. आता घ्यायला एवढंच उरलं होतं.

८ डिसेंबर, सोमवार

उराबेच्या माणसांकडून कागद आला. गवत वीस मिलिमीटर. सामन्याआधी अर्धा तास पाणी. ओलं, आखूड गवत म्हणजे चेंडू काचेवरून घसरल्यासारखा जातो, आणि त्याचे ते लांब जमिनीलगतचे पास, ज्यांवर त्याने घर, गाडी आणि करीची पाकिटं मिळवली, ते सुरीसारखे चिरत जातात.

कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला.

गवत आज वीस आहे. मी यंत्र बाहेर काढलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

सत्तावीस. ऊन छान आहे, खत लागलंय, गवत जोमात आहे. एरवी असं गवत पाहून मला आनंद झाला असता.

मिहोको एक तपकिरी पाकीट घेऊन आली. "सरांच्या पत्नीने प्रदर्शनासाठी जुन्या वह्यांचं खोकं पाठवलंय. सगळ्यांच्या वह्या जपून ठेवल्या होत्या त्यांनी. हे वाच."

"मला नको त्याच्या वह्या."

"त्याची नाही रे—"

"मिहोको, मला नको म्हटलं ना. त्याचं अक्षर मला बघायचं नाही. तू बघ. तुला आवडतं."

तिने पाकीट फ्रिजवर ठेवलं. "इथे आहे. सामन्याआधी वाचलंस तर बरं," एवढंच म्हणाली आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. शिक्षा असल्यासारखं ते पाकीट आता जेवताना माझ्या डोक्यावर असतं.

१७ डिसेंबर, बुधवार

कुरियामा मैदानाच्या कडेला उभा राहून मान तिरकी करत होता. "सेगावासान, मला यातलं काही कळत नाही, पण गवत जरा जास्त नाही का वाटत?"

"थंडीत मुळांना आधार लागतो. शेवटच्या दिवशी उतरवणार."

"हो हो, तुम्हीच जाणकार." आणि वाकून नमस्कार करून गेला.

अठरा वर्षं या मैदानावर मी खोटं बोललो नव्हतो. झालं, आज बोललो. तोंडात खरंच कडू चव आली, लिहायचं म्हणून लिहीत नाही. सकाळी गुडघ्यावर बसून गवतातून हात फिरवला. गवताला काय कळतंय, ते आपलं वाढतंय. मी त्याला वाईट कामाला लावलंय.

तरी कापलं नाही.

२० डिसेंबर, शनिवार

पस्तीस.

दुपारी तो आला होता. एकटाच, टोपी ओढून. मी अवजारांच्या खोलीत होतो, बाहेर आलो नाही. दाराच्या फटीतून पाहिलं. फाटकाशी उभा राहिला, पाय जुळवले, मैदानाला कमरेतून वाकून नमस्कार केला, शाळेत करायचो तसा. आत पाऊल टाकलं नाही. डाव्या पायावर भार देत नाही. पायऱ्या उतरताना कठडा धरला. टीव्हीवर हे दिसत नाही.

पाकीट अजून फ्रिजवर.

२१ डिसेंबर, रविवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर स्वतःच्या सोयीने लिहीन.

स्वच्छ ऊन, वारा नाही. साडेबारापर्यंत पाच हजार माणसं. ज्यांना जागा नाही ती मिकानच्या, म्हणजे संत्र्यांच्या, बागेच्या उतारावर चढून बसली. दीडला पाणी सोडायचं होतं. कुरियामाला सांगितलं, झडप अडकलीय. त्याचा चेहरा पांढरा पडला. "आता?" म्हणाला. "आता काय, कोरड्यावर खेळतील," मी म्हणालो. झडप चांगली होती. हात माझा तिच्यावरच होता.

गावच्या संघाच्या बाकावर दहा नंबरचा एक शर्ट हँगरला लटकत होता, कुणीच घातला नव्हता. कोणीतरी बडा पाहुणा उशिरा यायचा असेल.

तिसऱ्या मिनिटाला त्याने तो पास दिला. त्याचा पास, तो जगप्रसिद्ध, मधल्या वर्तुळातून उजव्या कोपऱ्याकडे जाणारा. चेंडू निघाला तेव्हा सगळं मैदान उठून उभं राहिलं. आणि चेंडू गवतात रुतत रुतत वीस पावलांवर थांबला. धावणारा खेळाडू रिकाम्या जागेत जाऊन पोचला. लोकांच्या तोंडून एक 'अरेरे' निघाला. पाच हजार माणसांचा.

मला वाटलं होतं मला बरं वाटेल. एक क्षणभर वाटलं. खोटं का लिहू, वाटलं. मग दुसरा पास अडला, तिसरा अडला, आणि कुणी तरी मागून म्हणालं, "वय झालं आता." त्या 'वय झालं'मध्ये माझाही हात होता आणि तो एकटाच ऐकून घेत होता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण मी वाकडं केलं होतं आणि नाचणारा एक शब्द काढत नव्हता. पायाखाली बघितलं, बस. माझ्या अवजारांच्या खोलीकडेही एकदा बघितलं, असं मला वाटलं. चोराच्या मनात चांदणं.

दहाव्या मिनिटाला त्याने जमिनीलगत खेळणं सोडलं. चेंडू पायाच्या टोकाने उचलून, हवेतून, प्रत्येकाच्या छातीवर नेमका. शाळेत आम्ही असे पास द्यायचो, कारण शाळेचं मैदान मातीचं आणि खडबडीत होतं. तो पंचवीस वर्षांपूर्वीचा खेळ खेळत होता. मला प्रत्येक पास आधीच कळत होता, कुठे जाणार ते. माझे पाय खोलीच्या आत हलत होते. दोन गोल झाले. उतारावरची माणसं नाचली.

शेवटी सगळे रडले. त्याने मैदानाला नमस्कार केला, मग गुडघा वाकवायला त्रास होत असूनही खाली बसला, तळवा गवतावर ठेवला, आणि एक बोट गवतात उभं धरलं. कॅमेऱ्यांसाठी असेल. त्याला ते जमतं.

साडेचारला दार वाजलं.

"सेगावा, आहेस का?"

"आहे."

"लपलायस का?"

"काम आहे."

आत येऊन खताच्या पोत्यावर बसला. डाव्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधलेली. पाकिटावरच्यापेक्षा म्हातारा दिसतो. मी त्याला एक मिकान दिलं, कारण हातात तेवढंच होतं. त्याने सोलून खाल्लं, साली खिशात ठेवल्या.

"गवत उंच ठेवलंस," म्हणाला.

मी भिंतीवरची अवजारं सारखी करायला लागलो.

"चेंडू हळू येत होता. गुडघ्याला बरं पडलं. आखूड, ओल्या गवतावर दहा मिनिटांत उचलून न्यावं लागलं असतं मला. डॉक्टर तेच म्हणत होता, पण माझ्या माणसांना गुडघ्यापेक्षा जाहिरात प्यारी." मग हसला. "दर वर्षी कार्डावर लिहितोस ना, डावा गुडघा सांभाळ. विसरला नाहीस."

मी आयुष्यात त्याला एक कार्ड लिहिलेलं नाही.

"हो," मी म्हणालो. माझ्या तोंडून तेच निघालं.

"खूप कष्ट घेतलेस," तो म्हणाला, उठला, वाकला आणि गेला. एक कागदी पिशवी पोत्यावर राहिली. आत तो शर्ट. दहा. पाठीवर नाव नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

सकाळी मिहोकोला विचारलं. ती मिसो सूप ढवळत होती, वळलीसुद्धा नाही.

"हो, मीच लिहिते. तुझ्या नावाने, तुझ्या शिक्क्याने. बावीस कार्डं झाली, हे तेविसावं. एक माणूस हॉलंडहून, जर्मनीहून दर वर्षी तुला कार्ड पाठवतो आणि तू ते न वाचता ड्रॉवरमध्ये टाकतोस. मला लाज वाटायची. म्हणून लिहायचे."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

मी सांगितलं. ती पळी हातात धरून इतकी हसली की सूप सांडलं. "एकेचाळीस वर्षांच्या बाईने लिपस्टिक लावून खोकी उचलायची आणि तुझं हे! अरे, लिप बाम होता तो. तुझाच. तुझ्या कोटाच्या खिशातला."

"आणि शर्ट?"

"दहा नंबर कुणासाठी होता असं वाटलं तुला? अंतिम सामन्यात सरांनी तो त्याला दिला होता. त्याने घातला नाही. कपडे मीच वाटत होते, मला माहीत आहे. म्हणाला, 'हा सेगावाचा आहे, घडी मोडू नको.' जन्मभर चौदाच घातला. आणि तू म्हणतोस, धंद्याचा शिक्का."

मग तिने फ्रिजवरचं पाकीट काढून माझ्या ताटाशी ठेवलं.

निळी वही. गठ्ठ्यातली. माझी. सरांची नव्हे, दुसरी. खरी.

काखेत कळसा म्हणतात तसं, आठ दिवस डोक्यावर होती. मला ती पाहिल्या पाहिल्या सगळं कळलं, आणि तेवीस वर्षं का कळलं नाही ते आता कळत नाही. त्या गुरुवारी दोन्ही वह्या दप्तरात होत्या. मी सरांना ही दिली.

शेवटचं पान उतरवून ठेवतो, अठरा वर्षांच्या सेगावाने लिहिलेलं:

'घोटा सुजलाय. फक्त उराबेला सांगितलं. तो म्हणाला, मी कुणाला सांगणार नाही, पण तू सांग. नाही सांगणार. एक गोष्ट मात्र इथे लिहितो. तो माझ्यापेक्षा चांगला आहे. दोन महिने झाले मला कळून. घोटा बरा असला तरी दहा नंबर खरा त्याचा आहे. हे अजून कुणालाच कळलेलं नाही, त्यालासुद्धा नाही. रविवारी खेळलो नाही तर सगळ्यांना कळेल.'

खाली लाल शाई. सवयीने दोन चुका दुरुस्त केल्या आहेत. मग: 'ही वही मी वाचायला नको होती. वाचली. या पायाने तुला उतरवणार नाही, तुला जन्मभर चालायचंय. शिव्या मला घाल.'

परत द्यायला सरांना तोंड झालं नसेल. मी शिव्या घातल्या, तेवीस वर्षं, चुकीच्या पत्त्यावर.

मला वाटायचं, त्याने माझं काहीतरी घेतलं. घेतलं नव्हतं. माझ्याकडे नव्हतंच ते, आणि हे सगळ्यांत आधी मलाच माहीत होतं. आज कामावर गेलो नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

उद्यापर्यंत टाकलं तरच कार्ड एक तारखेला पोचतं. मिहोकोने तिचं लिहून ठेवलेलं कार्ड फाडलं आणि कोरा घोडा माझ्यापुढे ठेवला. "मी आता निवृत्त," म्हणाली.

सहा कार्डं वाया गेली. सातव्यावर लिहिलं:

'गवत तुझ्या गुडघ्यासाठी नव्हतं वाढवलं. तुझे पास अडावेत म्हणून वाढवलं. झडपही चांगली होती. सरांना घोट्याचं तूच सांगितलंस असं मी आजवर धरून चाललो होतो. तू नव्हतं सांगितलंस, मीच सांगितलं होतं. आधीची सगळी कार्डं मिहोकोने लिहिली. हे मी लिहितोय. सेगावा.'

नव्या वर्षाच्या शुभेच्छा लिहायला जागा उरली नाही. पोस्टाच्या पेटीत टाकलं आणि लगेच वाटलं, हात आत घालून काढून घ्यावं. हात जात नाही आत.

१ जानेवारी, गुरुवार

त्याचं नेहमीचं कार्ड आलं, आधीच टाकलेलं. आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. 'निरोपाचा सामना मी मुद्दाम गावी मागितला. तुझ्या गवतावर एकदा खेळायचं होतं, म्हणून.' म्हणजे टोकियो नको, ओसाका नको, ते यासाठी होतं.

त्याला आज माझं मिळालं असेल. दुपारी ओझोनी, म्हणजे नव्या वर्षाचं सूप, पुढ्यात घेऊन त्यातल्या मोचीचा, तांदळाच्या चिकट वडीचा, एकेक तुकडा चावत बसलो. मिहोको म्हणाली, "सावकाश. मोची अडकून मेलास तर त्याला कळवायचं कोणी? मी निवृत्त आहे."

६ जानेवारी, मंगळवार

उत्तर आलं.

'पहिल्याच पासला कळलं होतं. मग बोट घालून मोजलं, पस्तीस असेल. परदेशात ज्यांना माझी भीती वाटायची ते माझ्यासाठी असंच गवत ठेवायचे, उंच आणि कोरडं. जर्मनीत दोनदा, हॉलंडात एकदा. आपल्या गावात वाटलं होतं सगळे नुसत्या टाळ्या वाजवतील. एक माणूस माझ्याविरुद्ध खेळला. फार बरं वाटलं. गुडघ्याला बरं पडलं हेही खरं. घोट्याचं मीच सांगितलं असं तू धरून बसलायस, हे मात्र मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तुझा नंबर घेऊन मैदानात उतरलो नाही तरी तुझी जागा घेतलीच, म्हणून तू बोलत नाहीस. कार्डं मिहोकोसानची आहेत हे पहिल्या वर्षीच कळलं, त्या दिवशी मुद्दाम तुझी म्हणालो; तुझं अक्षर मी तीन वर्षं शेजारी बसून पाहिलंय. शर्ट घालून बघ. वसंतात येतो. दहा मिनिटं खेळू. उराबे.'

दोनदा वाचलं. मग मिहोकोला दिलं. ती वाचून डोळे पुसत कार्ड फ्रिजवर लावायला निघाली. मी काढून घेतलं आणि या वहीत ठेवलं.

मैदानावर जाऊन यंत्र काढलं. पस्तीसवरून एकदम वीसवर आणता येत नाही, गवत पिवळं पडतं. आज फक्त तीसवर आणलं. वसंतापर्यंत वेळ आहे.

पण एक राहिलं, लिहूनच टाकतो. माझं सातवं कार्ड चांगलं जमलंय असं मला वाटत होतं, मनातल्या मनात मी खूश होतो. त्याचं वाचलं आणि ते गेलं. पत्रसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं लिहितो, लेकाचा.